पिकलेले तंत्र आणि कच्चे तंत्र : ओळखायचे कसे?



लागणीचे दिवस जवळ आले की गावोगावच्या गट बैठकांत ठराविक प्रश्न हमखास येतात. "साहेब, पलीकडच्या जिल्ह्यात नवीन वाण आलंय, एकरी शंभराच्या वर टन पडतो म्हणतात. बेणं कधी देता?" दुसरा विचारतो, "तोडणीचं यंत्र घ्यायचं म्हणतोय, घेऊ का?" तिसऱ्याच्या हातात मोबाईल असतो. त्यात कुणीतरी पोरसवदा माणूस बाटली हातात धरून 'ही फवारा आणि फुटवे मोजा' असे सांगत असतो.

या प्रश्नांना 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण यातील काही गोष्टी खरोखर उत्तम आहेत, काही पुढे उत्तम ठरतील पण आज कच्च्या आहेत, आणि काही नुसत्याच रंगीत वेष्टनातल्या आहेत. कोणती कुठल्या गटातली हे ओळखण्याची एक रीत आहे. जगभरच्या संशोधन संस्था आपला पैसा कुठे घालायचा हे ठरवताना ती वापरतात. ती रीत आपल्या उसाच्या भाषेत सभासदांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय उसात विशेष महत्त्वाचा आहे. भाजीपाल्यात चूक झाली तर तीन महिन्यांत मोकळे होता येते. ऊस तसा नाही. अडसाली लागण सोळा ते अठरा महिने रानात उभी राहते. पुढे दोन खोडवी धरली तर एकदा घेतलेला निर्णय साडेतीन-चार वर्षे मानेवर बसतो. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, पोराची फी हे सगळे त्याच उसावर ठरलेले असते. म्हणून नव्या गोष्टीला पाठ दाखवायची नाही, पण डोळे झाकून मिठीही मारायची नाही.

पक्वता म्हणजे काय?

ऊस पिकला की नाही हे आपण नुसत्या अंदाजाने ठरवत नाही. पाने पिवळी पडली, कांडी टणटण वाजली, डोळे फुगले ही जुनी लक्षणे आहेतच. पण आपला शेती मदतनीस हातातील ब्रिक्समापक घेऊन येतो, बुडख्याकडचा रस तपासतो, शेंड्याकडचा तपासतो आणि दोन्हींचे प्रमाण काढतो. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या मानाने बराच कमी असेल तर ऊस कच्चा. दोन्ही जवळजवळ सारखे झाले की ऊस पक्व. आणि बुडख्याचा ब्रिक्स शेंड्यापेक्षा खाली घसरू लागला की समजायचे, ऊस जास्त पिकला, आता साखर उतरायला लागली.

म्हणजे कच्चा, पक्व आणि अतिपक्व अशा तीन अवस्था झाल्या. तंत्रज्ञानाचेही अगदी असेच आहे. फरक एवढाच, की उसाला ब्रिक्समापक आहे आणि तंत्रज्ञानाला आपल्याला प्रश्न विचारून माप काढावे लागते.

नऊ पायऱ्यांची शिडी

हे माप प्रथम शेतीत नव्हे, तर अंतराळात तयार झाले. अमेरिकेच्या नासा या संस्थेत स्टॅन सॅडिन नावाच्या संशोधकाने १९७४ साली ही कल्पना मांडली. अंतराळयानात एखादे नवे उपकरण बसवायचे तर ते किती भरवशाचे आहे हे आधी कळले पाहिजे. यान एकदा उडाले की वर जाऊन पाना फिरवता येत नाही. सुरुवातीला या शिडीला सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या. १९९५ साली त्याच संस्थेतील जॉन मॅन्किन्स यांनी नऊही पायऱ्यांच्या व्याख्या नीट लिहून काढल्या. इंग्रजीत या मापाला 'टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल' म्हणतात. आपण त्याला तंत्रज्ञानाची पक्वता म्हणू. आज युरोपात आणि आपल्या देशातही संशोधनाला पैसे देताना 'तुमचे काम कितव्या पायरीवर आहे?' असे विचारतात.

या नऊ पायऱ्या सोप्या भाषेत अशा :

पहिली ते तिसरी : मूळ तत्त्व कळले, त्याचा उपयोग काय होईल ही कल्पना मांडली आणि प्रयोगशाळेत ती खरी असल्याचा पुरावा मिळाला.

चौथी ते सहावी : सुटे भाग एकत्र जुळवून आधी प्रयोगशाळेत चालवून पाहिले. मग प्रत्यक्षासारखी परिस्थिती तयार करून तपासले आणि शेवटी पूर्ण नमुना अशाच परिस्थितीत चालला.

सातवी ते नववी : नमुना खऱ्या जागी, खऱ्या परिस्थितीत चालला. मग परिपूर्ण वस्तू तपासणीतून पास होऊन मान्य झाली. शेवटी रोजच्या वापरात ती वारंवार सिद्ध झाली.

यात मोठी मेख चौथ्या आणि सातव्या पायरीच्या मध्ये आहे. प्रयोगशाळेतील काचपात्रात किंवा संशोधन केंद्रावरील चार गुंठ्यांत जे उत्तम चालते, ते तुमच्या-आमच्या रानात चालेलच असे नाही. केंद्रावर पाणी वेळेवर, खत मोजून आणि देखरेख रोजची असते. आपल्याकडे वीज रात्रीची, पाळी पंचवीस दिवसांनी आणि मजूर मिळेल तेव्हा. बहुतेक नव्या गोष्टी याच टप्प्यात गळतात. आणि नेमक्या याच टप्प्यात त्यांची जाहिरात मात्र सर्वांत जोरात चालू असते!

वाण कोणत्या शिडीने चढतो?

उसाच्या नव्या वाणाची शिडी तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची स्थापना १९१२ साली झाली. तिथे दोन जातींचा संकर करतात, कारण तिथे उसाला तुरा चांगला येतो आणि बी धरते. आपल्याकडे आंबोलीच्या डोंगरावरही वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आहे. संकराच्या बियांपासून हजारो रोपे उगवतात. त्यातील बहुतांश पहिल्याच निवडीत बाद होतात. उरलेल्यांची कांडी लावून पुन्हा निवड, मग प्राथमिक चाचणी, मग निरनिराळ्या केंद्रांवर एकाच वेळी चाचण्या. दोन लागणी आणि एक खोडवा असा हिशेब पाहिला जातो. टनेज, साखर, चाबूक काणी, लाल कूज, पाण्याचा ताण, तुरा, लोळणे हे सगळे तपासून मगच शिफारस होते. सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे केंद्र १९३२ पासून हेच काम करीत आहे.

या प्रवासाला किती वर्षे लागतात, हे वाणाच्या नावातच लिहिलेले असते. सभासदांनी ही खूण लक्षात ठेवावी. को ८६०३२ मधील 'को' म्हणजे कोइमतूर, आणि ८६ म्हणजे त्या वाणाला क्रमांक मिळाला ते १९८६ साल. आपल्या राज्यात त्याची शिफारस १९९६ साली झाली. म्हणजे क्रमांक मिळाल्यावरही दहा वर्षे त्याची परीक्षा चालली. त्याचे आईबाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. बापाकडून साखर आली, पण ती खोडव्यातही टिकते की नाही हे पाहायला वर्षे खर्ची घालावी लागली. म्हणूनच हा वाण आज तिसऱ्या दशकातही आपल्या रानात उभा आहे.

दुसरे उदाहरण कोएम ०२६५, म्हणजे आपला फुले २६५. यातील ०२ म्हणजे २००२ साल, आणि राज्यात शिफारस झाली २००७ मध्ये. टनेजला दमदार, चोपण-क्षारपड जमिनीतही तग धरणारा. पण पक्व व्हायला उशीर. हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर साखर उतारा घटतो, म्हणून अनेक कारखाने त्याची नोंद घेताना कुरकुर करीत होते. इथे शिकण्यासारखे असे, की वाण टनेजच्या बाबतीत नवव्या पायरीवर पोहोचला असेल, पण 'आमच्या तोडणी कार्यक्रमात बसतो का' या बाबतीत तो वेगळ्या पायरीवर असू शकतो. शेतकऱ्याच्या काट्यावर जे पिकले, ते कारखान्याच्या पॅनमध्ये पिकले असे गृहीत धरता येत नाही. क्षारपड जमिनीत हा वाण लावून उशिरा तोडला तर दोघांचाही फायदा, हे मात्र अनुभवाने सिद्ध झाले आहे.

शिडी चढल्यावरही बेणे वाढवायला वेळ लागतो. समजा आज एक गुंठा शुद्ध बेणे मिळाले. नेहमीच्या पद्धतीने वर्षाला साधारण दहा पट वाढ धरली, तर पहिल्या वर्षी दहा गुंठे, दुसऱ्या वर्षी अडीच एकर, तिसऱ्या वर्षी पंचवीस एकर आणि चौथ्या वर्षी अडीचशे एकर. एक डोळ्याची रोपे आणि ऊतिसंवर्धित रोपे यांमुळे हा काळ कमी होतो, आणि हे दोन्ही मार्ग आता पक्व आहेत. पण 'परजिल्ह्यातून टेम्पो भरून आणतो' हा मार्ग पक्वही नाही आणि शहाणपणाचाही नाही. त्या टेम्पोतून वाणाबरोबर काणी आणि गवताळ वाढही येते. तिचे पैसे वेगळे मोजावे लागत नाहीत, ती फुकट मिळते!

तिकडे पिकले म्हणजे इकडे पिकले, असे नाही

एका बैठकीत एक तात्या मला म्हणाले, "ऑस्ट्रेलियात सगळा ऊस यंत्रानं तोडतात, मग ते अजून सिद्ध व्हायचं काय राहिलं?" प्रश्न रास्त होता. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ऊसतोडणी पूर्णपणे यंत्रावर गेली होती. तिथे हे तंत्र नवव्या पायरीवर आहे यात शंका नाही. मी म्हणालो, "तात्या, यंत्र तिथं पिकलंय. पण तुमच्या अठ्ठावीस गुंठ्याच्या तुकड्यात त्याला वळायला जागा कुठाय?"

यंत्राला साडेचार ते पाच फुटांची सरी लागते. आपल्या जुन्या लागणी अडीच-तीन फुटांच्या. त्याला लांब ओळी, दोन्ही टोकांना मोकळी जागा आणि वाफसा असलेली जमीन लागते. आपली अडसाली लोळते. ओल्या काळ्या रानात यंत्र रुतते, बुडखे उखडतात आणि खोडवा विरळ होतो. पाचट व वाढे यांचे प्रमाण वाढले की गाळपावरही परिणाम होतो. म्हणजे यंत्र तेच, पण ज्या परिस्थितीत ते सिद्ध झाले ती परिस्थिती आपली नाही. शिडीची पायरी ही वस्तूला एकटीला लागू होत नाही, ती वस्तू आणि तिची जागा या जोडीला लागू होते. जागा बदलली की दोन-तीन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढावे लागते.

याचा अर्थ यंत्र नको, असा मुळीच नाही. तोडणीच्या टोळ्या दर वर्षी कमी होत आहेत. त्या कष्टाच्या कामातून पुढची पिढी बाहेर पडते आहे, आणि ते चांगलेच आहे. तेव्हा यंत्र येणारच. फक्त क्रम उलटा करू नये. आधी रुंद सरीची लागण, आधी शेजारच्या चार-पाच सभासदांनी मिळून एकाच दिशेने ओळी धरणे, आणि मग यंत्र. आज पाच फुटांची सरी पाडणारा सभासद हा यंत्राला आपल्या गावात वरच्या पायरीवर नेणारा माणूस आहे. कर्ज काढून आधी यंत्र आणून दारात उभे करणाऱ्याला मात्र हप्ता चुकत नाही.

झपाट्याने पिकलेले एक तंत्र

सगळ्याच गोष्टींना दहा वर्षे लागतात असेही नाही. २००२ सालच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. पानाच्या खाली पांढरी लोकर, वर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. बघता बघता तो पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकात पसरला. त्यात दुष्काळाची भर पडली, आणि २००३-०४ व २००४-०५ या हंगामांत राज्याचे गाळप कोसळले. ते दिवस जुन्या सभासदांना सांगायला नकोत. फवारणी करावी तर बारा फूट उंच उसात शिरायचे कसे? औषध जायचे वरच्या पानावर आणि मावा बसायचा खालच्या बाजूला.

मग मित्रकिडींकडे लक्ष गेले. डिफा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक मावा फस्त करतात, हे दिसून आले. कृषी विद्यापीठे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखाने यांनी शेडनेटमध्ये त्यांची वाढ केली. जिथे मित्रकिडी भरपूर होत्या तिथली पाने कापून मावा असलेल्या रानात बांधली गेली. थोड्याच वर्षांत मावा आटोक्यात आला.

हे तंत्र इतक्या लवकर का पिकले? तीन कारणे आहेत. एक, मित्रकिडी इथल्याच हवेत जगणाऱ्या होत्या, त्यांना परिस्थिती नवी नव्हती. दोन, खर्च नाममात्र होता आणि चुकले तरी नुकसान काही नव्हते. तीन, परिणाम महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांनी दिसत होता, खोडव्याची वाट पाहावी लागत नव्हती. ज्या तंत्रात या तिन्ही गोष्टी असतील ते बेधडक करून पाहावे. पाचट न जाळता कुजवणे, माती परीक्षण करून खत देणे, बेणेप्रक्रिया ही सगळी याच जातीची कामे आहेत. ती पिकून किती वर्षे झाली, पण आपणच ती तोडायला गेलो नाही!

अतिपक्व झालेल्याची गोष्ट

आता तिसरी अवस्था. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने जी क्रांती केली, तिला आपल्या देशाच्या ऊस इतिहासात तोड नाही. कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी तो विकसित केला आणि २००९ साली त्याची शिफारस झाली. लवकर पिकणारा, टनेजला भारी आणि साखरेला गोड. तिथला ९ टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा साखर उतारा ११ टक्क्यांच्या वर गेला. शेतकरी खूश, कारखाने खूश. दहा वर्षांत त्या राज्यातील ऊस क्षेत्राच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर हा एकच वाण उभा राहिला.

आणि तिथेच घात झाला. शिफारस झाली तेव्हा हा वाण लाल कुजेला बऱ्यापैकी दाद न देणारा होता. पण रोगाची बुरशी स्वस्थ बसत नाही. एवढे मोठे क्षेत्र एकाच वाणाखाली आल्यावर त्याच्यावर मात करणारा बुरशीचा नवा प्रकार पुढे आला. २०१७-१८ नंतर लाल कूज पसरू लागली. उसाची आतली कांडी तांबडी, मधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास. रोग एकदा बेण्यात शिरला की औषधाने बरा होत नाही. शेवटी तिथल्या सरकारला तो वाण बदला म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागावे लागले, आणि को ०११८ व को १५०२३ यांसारख्या वाणांचे बेणे वाढवण्याची धावपळ सुरू झाली.

को ०२३८ कच्चा नव्हता. तो नवव्या पायरीवर पोहोचलेला, पूर्ण सिद्ध झालेला वाण होता. पण नववी पायरी ही शेवटची असली तरी कायमची नसते. शिडीच्या पलीकडे उतारही असतो. म्हणून आपल्याकडे को ८६०३२ कितीही भरवशाचा असला, तरी सगळे रान त्याच्याच नावावर करून ठेवणे योग्य नाही. त्याचे शुद्ध बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलणे आणि त्याच्या बरोबरीने फुले २६५, फुले १०००१, व्हीएसआय ०८००५ यांसारखे वाण जमिनीच्या प्रतीप्रमाणे ठेवणे, हा आपला विमा आहे.

कारखान्याच्या पैशालाही हीच कसोटी

हे सारे शेतापुरतेच नाही. कारखाना सभासदांच्या भागभांडवलावर उभा आहे. त्यामुळे कारखान्यात काय बसवायचे हे ठरवतानाही पायरी विचारली पाहिजे, आणि ती विचारण्याचा सभासदांना पूर्ण अधिकार आहे.

उच्च दाबाच्या बॉयलरवर बगॅसपासून वीज निर्माण करणे हे तंत्र १९९० च्या दशकापासून आपल्या देशात चालत आलेले आहे. कारागीर, सुटे भाग आणि दुरुस्ती सगळे जवळ मिळते. ते नवव्या पायरीवर आहे. तिथे प्रश्न तंत्राचा नसून वीज खरेदीच्या दराचा असतो. रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्याचे तंत्रही तसेच पिकलेले आहे. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते उठवले. यंत्रसामग्री तीच, पण वर्षभराचे गणित बदलले. तेव्हा तंत्र पिकले तरी धोरण कच्चे असू शकते, हेही हिशेबात धरावे लागते.

याउलट, बगॅस किंवा पाचटाच्या चोथ्यापासून इथेनॉल, म्हणजे दुसऱ्या पिढीचे इथेनॉल. पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल करणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाला. त्याचा खर्च नऊशे कोटी रुपयांहून अधिक. देशातील मोठ्या सरकारी तेल कंपनीने उभारलेला तो प्रकल्प आहे, आणि हे काम त्यांनीच करायला हवे. अशा तंत्राला वरच्या पायरीवर चढवताना येणारा खर्च आणि ठेच सोसण्याची ताकद त्यांच्याकडे आहे. एका सहकारी कारखान्याने सभासदांच्या ठेवींवर तो पराक्रम करायला जाऊ नये. आपण पाहत राहावे, माहिती ठेवावी आणि पिकल्यावर घ्यावे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आहे. बारामतीच्या कृषी विकास संस्थेने २०२४ पासून उसात हा प्रयोग हाती घेतला. शेतात संवेदक, हवामान केंद्र, उपग्रहाची छायाचित्रे आणि मोबाईलवर पाणी-खताचा सल्ला. प्रयोग शेतकऱ्यांच्या रानापर्यंत आला, ही जमेची मोठी बाजू आहे. आता आपल्याकडे तो आणायचा तर आपल्या जमिनीत, आपल्या पाणीपाळीवर, लागण आणि खोडवा दोन्हींत किती पाणी वाचले व निव्वळ किती पैसे उरले, हे पाहावे लागेल. जिथे कॅनॉलचे पाणी पंचवीस दिवसांनी येते तिथे 'आज पाणी द्या' असा सल्ला मोबाईलवर आला तरी तो पाळायचा कसा? म्हणून ज्यांची विहीर आणि ठिबक आहे अशा मोजक्या सभासदांकडे आधी तो चालवून पाहणे योग्य.

जितकी पक्वता, तितके क्षेत्र

या सर्वांचा मथितार्थ एका ओळीत सांगायचा तर, तंत्राच्या पायरीप्रमाणे पैसा कुणाचा आणि क्षेत्र किती, हे ठरले पाहिजे.

१) पहिली ते तिसरी पायरी : पैसा सरकारचा आणि संशोधन संस्थांचा. आपण फक्त ऐकावे, वाचावे.

२) चौथी ते सहावी पायरी : कारखान्याने आपल्या मळ्यावर, ऊस विकास निधीतून चाचणी घ्यावी. सभासदांनी शिवार फेरीला यावे, प्रश्न विचारावेत. पदरचा पैसा घालू नये.

३) सातवी पायरी : निवडक सभासदांच्या रानात चार-पाच गुंठ्यांचे पट्टे. बेण्याचा अगर साहित्याचा भार कारखान्याने उचलावा, कारण इथे धोका सगळ्यांच्या वतीने एकजण पत्करतो.

४) आठवी पायरी : शिफारस झाली. सभासदाने आपल्या क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त लावू नये, एक खोडवा पाहावा.

५) नववी पायरी : मोकळेपणाने वापरावे. पण एकाच वाणावर सगळे क्षेत्र ठेवू नये.

सातव्या पायरीवरचा पट्टा मात्र नीट हवा. नवा वाण चांगल्या पाटाकडेच्या जमिनीत आणि जुना खडकाळ तुकड्यात, असा पट्टा घेतला तर तो खोटाच बोलणार. एकाच रानात, शेजारी शेजारी, एकाच दिवशी लागण, तेच खत, तेच पाणी. तोडणीला वजन वेगवेगळे, आणि नमुना कारखान्याच्या प्रयोगशाळेत. शिवाय खोडव्याचा हिशेबही ठेवायचा. नाहीतर दुरून डोंगर साजरे, अशीच गत व्हायची.

विकणाऱ्याला विचारायचे सहा प्रश्न

कुणीही नवे वाण, औषध, यंत्र किंवा यंत्रणा घेऊन दारात आला तर त्याला चहा जरूर द्यावा, आणि चहा पिता पिता हे प्रश्न विचारावेत :

१) हे कुणी तपासले? विद्यापीठाची किंवा वसंतदादा इन्स्टिट्यूटची शिफारस आहे का? असल्यास लेखी दाखवा.

२) किती वर्षे आणि किती ठिकाणी? एका वर्षाचे पीक म्हणजे पुरावा नव्हे, त्या साली पाऊसच चांगला झाला असेल.

३) आमच्यासारख्या जमिनीत आणि आमच्यासारख्या पाण्यावर कुठे आहे? तिथे आम्हाला नेता का?

४) शेजारी साधा पट्टा ठेवला होता का? नसल्यास जादा आले ते कशामुळे, हे सांगता येणार नाही.

५) खोडव्यात काय झाले? आणि साखर उतारा किती मिळाला?

६) बिघडले तर दुरुस्ती कोण करणार, आणि फसले तर नुकसान कोण सोसणार?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली तर पायरी कळते. सहाव्याचे उत्तर देताना जो चहा अर्धवट टाकून उठतो, त्याची पायरी वेगळी सांगायला नको!

शेवटी एवढेच सांगायचे, की सातव्या पायरीवर कुणीतरी उभे राहिल्याशिवाय आठवी येत नाही. सगळ्यांनीच 'दुसऱ्याने आधी लावू दे' म्हटले तर कुठलाच चांगला वाण आपल्या शिवारात येणार नाही. ज्यांनी को ८६०३२ चे पहिले पट्टे आपल्या रानात घेऊ दिले, त्यांच्या धाडसावर आज आपण सगळे उभे आहोत. म्हणून ज्या सभासदांकडे बारमाही पाण्याची सोय आहे व नोंदी ठेवण्याची तयारी आहे, अशांनी येत्या हंगामातील चाचणी पट्ट्यांसाठी आपल्या गटाच्या शेती मदतनीसाकडे नाव द्यावे. बेणे कारखान्याच्या मळ्यातून मिळेल. लागणीपासून वजनापर्यंत आमचे कर्मचारी बरोबर राहतील, आणि जो निकाल येईल तो, बरा असो वा वाईट, याच अंकातून सर्व सभासदांसमोर ठेवला जाईल.

— ऊस विकास अधिकारी